उभ्या सायकलीवरचा तोल

४ फेब्रुवारी, सोमवार

आज जेवताना लेकीने जाहीर केलं. बाबाला फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल. भेट म्हणून. कारखाना शहराबाहेर गेल्यापासून कंपनीची बस मोठ्या चौकातून सुटते, चौक घरापासून तीन किलोमीटर, आणि माझे गुडघे चोपन्न वर्षांचे. सायकलने चौक गाठायचा, घडी घालून ती बसच्या पोटात टाकायची, संध्याकाळी उलट. आमची लिफ्ट म्हणजे उभं कपाट, त्यामुळे घडीचीच हवी. पोरगी मुद्देसूद बोलते. माझ्यावर गेली आहे.

मॉडेल मी निवडायचं. अट एकच, आरामशीर हवी.

जबाबदारी स्वीकारली. एकोणतीस वर्षं चष्म्याच्या काचा तपासतोय. केसाएवढा ओरखडा नजरेतून सुटत नाही. सायकल काय चीज आहे.

मग बायकोने ती गोष्ट सांगितली. मी तेरा वर्षांचा, वडील परगावी, आईच्या पोटात भर दुपारी कळा सुरू झाल्या, आणि मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. लेकीने ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे. तरी ऐकली. बायको लेकीला म्हणाली, तुझ्या बाबाला मी होकार दिला तो या एका गोष्टीवर, नाहीतर नाक काही खास नव्हतं.

मी मान खाली घालून जेवत राहिलो. मोठेपणा मिरवू नये.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कालच्या गोष्टीत तपशिलाची एक बारीक चूक आहे. सायकल दादा चालवत होता.

साखरपुड्याआधी आम्ही दोघं पहिल्यांदा बोलत बसलो तेव्हा मी हिला म्हटलं होतं, आम्ही आईला सायकलवरून नेलं. आम्ही म्हटलं होतं, हे नक्की. पुढे सत्तावीस वर्षांत आम्हीचं मी कधी झालं, ते सांगता येणार नाही. हा भाषेचा दोष आहे. मीही त्या दिवशी होतोच. सायकलच्या मागून धावलो होतो. कोपऱ्यापर्यंत.

सायकल मला येते. तत्त्वतः येते. ती कशी चालते हे मी कोणालाही समजावून सांगू शकतो. प्रत्यक्ष सराव नाही, कारण लहानपणी दादाची सायकल उंच होती, एकदा पडलो, आणि नंतर अभ्यास वाढला.

निश्चय: उद्यापासून सकाळी सहाला उठून मैदानावर सराव. भाड्याची सायकल. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

६ फेब्रुवारी, बुधवार

सहाला उठलो. मैदानावर माणसं होती.

१७ फेब्रुवारी, रविवार

तक्ता तयार. तेवीस रकाने. चाकाचा व्यास, वजन, सीटखालची स्प्रिंग, हँडलची उंची, बिजागरीचा खटका, बॅटरी काढता येते का, वगैरे. घाईघाईत वस्तू घेणाऱ्यांची मला कीव येते. लेक म्हणाली, बाबा, लोक घर घेताना एवढं बघत नाहीत. मी म्हटलं, घर चालत नाही.

सराव सुरू नाही. आधी गाडी ठरू दे. एका सायकलीवर शिकायचं आणि दुसरी चालवायची, यात अंगाला चुकीची सवय लागते.

२४ फेब्रुवारी, रविवार

लेकीबरोबर पहिलं दुकान. सोळा इंची चाकं. नापास. खड्ड्यात गेलं की चाक तिथेच राहणार आणि आपण पुढे. दुकानदार म्हणाला, एक चक्कर मारून बघा ना. मी म्हटलं, पँट सैल आहे. त्याने पँटला लावायची क्लिप दिली. मी म्हटलं, बूट नवे आहेत.

दुसरं दुकान. वीस इंची चाकं, दांडी खाली झुकलेली, पाय उंच टाकावा लागत नाही. सीट रुंद, खाली स्प्रिंग. स्टँडवर लावलेल्या सायकलीवर दहा मिनिटं बसलो. पाठ ताठ, खांदे मोकळे. उभ्या सायकलीवर माझा तोल उत्तम आहे.

तरी नापास केली. घंटीचा आवाज बारीक.

२७ फेब्रुवारी, बुधवार

हाफ डे टाकून एकटाच दुसऱ्या दुकानात. दुकानदाराला विचारलं, थांबली तरी आपोआप उभी राहील अशी घडीची मिळते का. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, साहेब, मग तीनचाकी घ्या. ज्यांना सायकल येत नाही ते तीच घेतात. मी म्हटलं, एका ओळखीच्यांसाठी विचारतोय. त्याने ओळखीच्यांची उंची विचारली, वजन विचारलं. मी माझंच सांगितलं. त्याने माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि चहा मागवला.

त्या चहात सहानुभूती होती. अर्धा ठेवला.

१० मार्च, रविवार

सराव झाला. याची नोंद झालीच पाहिजे.

भाड्याची सायकल घेऊन कारखान्याच्या जुन्या इमारतीमागे गेलो. तिथे आता कोणी नसतं. अंतर साधारण चौदा फूट. त्यातले शेवटचे चार फूट सायकल वेगळी आणि मी वेगळा. कुंपणाच्या झुडपाने मला धरलं. गुडघा सोलला, कोपर सोललं.

घरी सांगितलं की जिन्यावर पाय घसरला. बायकोने औषध लावलं. लावताना लेकीला म्हणाली, बघितलंस, यांच्या गुडघ्यांना आता जिनेसुद्धा झेपत नाहीत. लेकीने तिथेच फोन उघडून सायकल मागवून टाकली. वीस इंची, झुकलेल्या दांडीची, रुंद सीटची. मी घंटीबद्दल बोललो. कोणी ऐकलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

आली. निळी. हॉलमध्ये सोफ्याशेजारी घडी घालून बसली आहे, पाहुणीसारखी.

उघडून बघितली. मिटून बघितली. पुन्हा उघडली. रात्रीच्या जेवणापर्यंत एकोणीस सेकंदांवर आलो. दांडीचा खटका, हँडल खाली, सीट खाली, पेडल आत. दुकानदारालासुद्धा चाळीस लागले होते. घडी घालण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं बायको म्हणाली. लेकीने व्हिडिओ काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दादाला पण.

सोमवारपासून सायकलने.

१८ मार्च, सोमवार

सायकलने गेलो. म्हणजे सायकल बरोबर होती.

गल्लीच्या वळणापर्यंत बायको गॅलरीतून बघत होती, म्हणून फोनवर बोलत बोलत हातात धरून नेली. वळणानंतरही हातातच. तीन किलोमीटर. बावीस किलोची सायकल चढावर ढकलणं हा व्यायाम कमी समजू नये. पन्नास मिनिटं लागली, बस जेमतेम मिळाली. बसमध्ये सगळ्यांनी घडी बघून कौतुक केलं. एकोणीस सेकंद.

एक चांगलं आहे. हातात धरून नेली तरी मीटरवर किलोमीटर पडतात. यंत्र प्रामाणिक आहे, पण भोळं.

निश्चय: या रविवारी काहीही झालं तरी सराव.

२२ मार्च, शुक्रवार

बायकोने विचारलं, सायकल आल्यापासून तुम्ही अर्धा तास आधी का निघता. म्हटलं, सकाळची हवा.

मग तिने विचारलं, बॅटरी अजून भरलेलीच कशी. हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. म्हटलं, मी जपून चालवतो.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये मागचं चाक विटेवर उचलून धरलं आणि ॲक्सिलरेटर पिळला. चाक हवेत गरगर. वीस मिनिटांत बॅटरीचा एक दांडा कमी झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाई तेवढ्यात आल्या. काय करताय, म्हणाल्या. सर्व्हिसिंग, म्हटलं. त्यांनाही घ्यायची आहे. एका चार्जिंगमध्ये किती जाते, असं त्यांनी विचारलं, मी पंचावन्न सांगितलं. बाई वहीत लिहून घेत होत्या. मला तिथून लवकर जावंसं वाटलं.

आजपर्यंत मी घरच्या घरी होतो. आता वहीत गेलो.

२४ मार्च, रविवार

गुडघे दोन्ही सुजले. ढकलून ढकलून. सराव शक्य नाही.

बायकोने शेक दिला. म्हणाली, सायकल नसती तर काय झालं असतं.

२९ मार्च, शुक्रवार

दादाचा फोन. कमरेच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी उद्या येतोय, दोन दिवस राहील. बायकोला आनंद. मलाही. दादा आला की नेहमी आनंदच होतो.

ती गोष्ट त्याच्यासमोर आजवर कधी निघालेली नाही. तो क्वचित येतो, आणि आला की मी विषय हलता ठेवतो. दोन दिवसांसाठी विषयांची यादी केली आहे. त्याची कंबर, त्याची बाग, त्याचे जावई, माझा कारखाना, पुन्हा कंबर.

३० मार्च, शनिवार

पहिल्याच जेवणाला यादी संपली. जावयांबद्दल दादा दोन वाक्यं बोलला.

मग लेकीने सायकल दाखवली, आणि बायको म्हणाली, दादा, यांना सायकलची आवड काही आजची नाही. आणि सुरू झाली. दुपार, कळा, कॅरिअर, अकरा किलोमीटर. माझं नाव घेऊन. माझ्या आईची गोष्ट, माझ्या भावाला.

दादाने घास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होतो, पण कळतं. लेकीने विचारलं, काका, तुम्ही कुठे होतात तेव्हा?

दादा म्हणाला, मी घरी थांबलो होतो. हाच गेला होता.

तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण लेक विचारत गेली आणि तो सांगत गेला. वाटेत दोनदा चेन उतरली, ती याने बसवली. आई घसरेल म्हणून याने तिचा पदर स्वतःच्या कमरेला बांधला होता. हात काळे झाले होते ते आठ दिवस निघाले नाहीत. हे मला आजवर माहीतच नव्हतं. लेकीचे डोळे भरले. तिने माझा हात धरला. माझा हात स्वच्छ होता.

मी पाणी प्यायला उठलो. पाणी ताटाशेजारीच होतं.

३१ मार्च, रविवार

सकाळी दादा गॅलरीत एकटा होता. बोलायचं ठरवून गेलो. तीन वाक्यं पाठ केली होती.

त्यानेच आधी विचारलं, शिकलास कधी रे सायकल? त्याचा चेहरा एवढा खूश होता. म्हणाला, तेव्हा पडलास, त्याची मला फार चुटपुट होती. मी नीट धरायला हवं होतं. व्हिडिओ बघितला आणि बरं वाटलं.

पाठ केलेलं सगळं गेलं. म्हटलं, झाली बरीच वर्षं.

मग म्हणाला, जायच्या आधी एकदा चालवून दाखव.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सगळे खाली आले. बायको, लेक, काठी टेकत दादा. नर्सबाईसुद्धा, वही घेऊन. मी सायकल उघडली. एकोणीस सेकंदांच्या आत. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सीटवर बसलो. एक पाय जमिनीवर. दुसरा पेडलवर ठेवायचा एवढंच बाकी होतं. खूप वेळ गेला. लेक म्हणाली, बाबा, चालू नाही केलीस का? मी म्हटलं, केली आहे.

मग म्हटलं, मला येत नाही.

बायकोला वाटलं, गुडघा. म्हणाली, राहू दे, दुखत असेल तर. मी म्हटलं, गुडघा नाही. मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. आईला दादाने नेलं.

नर्सबाईंनी वही मिटली. दादा पुढे येऊन म्हणाला, अहो, हाही होता बरोबर, मागून धावला होता, लहान होता. अजूनही मलाच धरत होता. मी म्हटलं, दादा, बास.

बायकोने त्याच्या हाताखाली हात घातला आणि म्हणाली, दादा, वर चला, उभं राहून कंबर दुखेल. लिफ्टमध्ये तिघंच मावतात. ते तिघं गेले.

मी घडी घालत बसलो. खटका सापडत नव्हता.

वर गेलो तेव्हा बायको दादाला पहिल्यापासून सांगायला लावत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकलं. कोपऱ्यानंतर काय झालं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. दादा म्हणाला, आई कळांमध्येसुद्धा सारखी मागे वळून विचारत होती, धाकटा कुठे राहिला. मी तिला सांगत होतो, येतोय मागून. दवाखान्यापर्यंत तेच सांगत होतो.

१ एप्रिल, सोमवार

दादाला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाला, शिकायचं असेल तर कंबर बरी झाल्यावर येतो. मी हो म्हटलं.

सायकल लेक वापरेल. चौकात चालत गेलो. अर्ध्या तासात पोचलो, ढकलण्यापेक्षा लवकर.

३ एप्रिल, बुधवार

बायको दोन दिवस गरजेपुरतं बोलत होती. भाजी कोणती, दार लावलं का, एवढंच. ओरडली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

आज चहाचा कप समोर ठेवून बसली. म्हणाली, चिडायचं असतं तर त्याच दिवशी चिडले असते. मला फक्त एक माहीत करून घ्यायचंय. सत्तावीस वर्षांत तुम्ही मला बाकीच्या एवढ्या गोष्टी सांगितल्यात. त्यांतल्या तुमच्या कोणत्या?

मी म्हटलं, आठवून सांगतो.

ती थांबली होती. चहा गार झाला, तिने कप नेला.

पुराच्या पाण्यात पोहून गेल्याची एक आहे. ती दादाचीच. कॉलेजातल्या भाषणाची एक आहे. ती रूम पार्टनरची. परीक्षेला उपाशी बसल्याची माझी असावी, पण त्या दिवशी जेवलो होतो असं वाटतं.

अजून आठवतोय.