हिच्या वाटचा शब्द

लोणावळे, वैशाख वद्य तृतीया, शके १८६०

पुतणी विमल मुंबईला मानसशास्त्राचं एम. ए. करते. सुट्टीत सराव हवा, म्हणून आज संध्याकाळी तिनं आम्हां दोघांना ओसरीवर धरलं. ती एक शब्द उच्चारणार, आपण मनात पहिला येईल तो सांगायचा. ती "पाणी" म्हणाली. मी उदक, नीर, तोय असा सगळा कोशच ओतला.

"काका, एकच! यात तुमचं मन कुठं दिसतं? नुसतं पाठांतर दिसतं."

पोरगी शिकते आहे खरी.

मग सौ.ची पाळी. ही टाकव्याहून आलेली करवंदं सुपात घेऊन लोणच्यासाठी देठ काढत होती आणि पटापट सांगत होती.

"चूल?" "धूर."

"काका?" "बडबड." मीही हसलो.

"पाळणा?"

हिचा हात थांबला. करवंद बोटांत तसंच. आमची कुसुम पाळण्यात असतानाच गेली, तेव्हापासून तिचं नाव हिच्या तोंडून कधी आलेलं नाही. आज ओठ हलले होते, मी पाहिलं. पण ती शांतता मला सोसवेना. म्हणालो, "दोरी! सोपं तर आहे."

"हो, दोरी," म्हणून ही सूप उचलून आत गेली. ते एक करवंद ओसरीवरच राहिलं, देठासकट.

विमल रागावली नाही, तेच जास्त लागलं. "काका, गप्प बसणं हाच आमचा पहिला धडा. काकू बोलणार होती."

जेवताना मीच हळू म्हटलं, "पाळणा." आणि गप्प राहिलो, नव्या विद्यार्थ्यासारखा.

ही म्हणाली, "ताक वाढू?"