रविवारचे बन

६ जानेवारी १९४६, रविवार

फाइल द्यायला भिंगार कॅम्पात मेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. सकाळचे दहा वाजलेले आणि साहेब अजून ड्रेसिंग गाऊनमध्ये! मडमेने स्वतः भाजलेला बन दिला. मऊ, गरम, वर लोणी. कुणाला कसली घाई नाही.

घरी आलो तर आई बंबापाशी ओरडतेय, दमयंती धुणं आपटतेय आणि माझ्यासाठी काय, तर गार पोहे. आपल्या लोकांना रविवारची अक्कलच नाही. सुटीच्या दिवशीसुद्धा सकाळ उरकायची घाई.

निश्चय: यापुढे या घरात रविवारी बन. मी स्वतः करणार. मडम तर मॅट्रिकसुद्धा नसावी, मी बी. ए. आहे.

१३ जानेवारी, रविवार

रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वाळू घालून ओव्हन तयार केला. खाली शेगडी, झाकणावर निखारे. दमयंती म्हणाली, नानकटाई आम्ही अशीच तर भाजतो. बायकोला सायन्स समजावण्यात अर्थ नाही.

बन फुगले नाहीत. आईच्या हातून एक पडला तर फरशीचा टवका उडाला. फरशी जुनीच होती. रेशनचे गहूही भिकार.

२० जानेवारी, रविवार

खायचा सोडा घातला. फुगले. पिवळे झाले आणि चव साबणाची. शेजारी राहणारा चुलतभाऊ नृसिंह चार खाऊन गेला, वर म्हणतो, झकास. हा माणूस पुठ्ठासुद्धा झकास म्हणून खाईल. तरी आईला कौतुक त्याचंच.

२३ जानेवारी, बुधवार

मडम विलायतेहून आलेलं यीस्ट वापरते. मागायची लाज वाटली. ऑफिसातला चपराशी गोरक्ष म्हणाला, "सायेब, आपले भट्टीवाले पिठात शिंदी घालत्यात. लई फुगतंय."

शिंदी! आमच्या घरात त्या दारूचं नाव निघालं तरी आई चूळ भरते. पण सायन्स सोवळंओवळं मानत नाही. शिवाय भाजल्यावर तिचं काही उरत नसणार.

३० जानेवारी, बुधवार

धाकट्या बहिणीला, लीनाला, स्थळ आलं. कोपरगावचे नारायणराव मुलाला घेऊन दहा तारखेला सकाळी पाहायला येणार. मुलगा शाळामास्तर. एका मैत्रिणीच्या लग्नात लीनाने त्याला पाहिलंय. त्याचं नाव निघालं की ती उगाचच तांब्या घासायला घेते. याआधी दोन ठिकाणांहून नकार आलाय. आता हेही गेलं तर ती मोडून पडेल, असं आई म्हणते.

नारायणराव कर्मठ. परगावी स्वतःचं पाणी बरोबर नेतात. आई म्हणाली, पोहे करू. मी बजावलं, पोह्यांनीच दोन स्थळं घालवली. या वेळी बन. लीना हात जोडून म्हणाली, दादा, या वेळी नको रे. आजकालच्या मुलींना स्वतःचं हित कळत नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

टोपी नाकापर्यंत ओढून शिंदी आणली. पीठ भिजवताना लीनाने पाहिलं. डोक्याला हात लावून निघून गेली.

गारठा आहे. पीठ फुगायला ऊब हवी. घरातलं सगळ्यात उबदार वस्त्र म्हणजे आईची धाबळी. ती नेसून ती सोवळ्यात पूजा करते. पातेलं तिच्यात गुंडाळलंय. पहाटे जागच्या जागी ठेवीन. लोकरीला विटाळ नाही, असं शास्त्रच सांगतं. शास्त्राचा असा उपयोग करणारा मीच पहिला असेन.

१० फेब्रुवारी, रविवार, दुपारी

पीठ रात्रीत उतू जाऊन धाबळीवर सांडलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं. लोकांना इतकी नाकं कुठली?

बन अप्रतिम झाले! नारायणरावांनी तीन खाल्ले. म्हणाले, असं काही आयुष्यात खाल्लं नाही. मी बोलणार एवढ्यात दमयंती म्हणाली, सगळं लीनाच्याच हातचं. मुलगी दाखवताना असंच म्हणायचं असतं, मला माहीत आहे. तरी जळलो.

तेवढ्यात पूजा आटोपून आई धाबळी नेसूनच नमस्कार करायला बाहेर आली. नारायणरावांच्या नाकपुड्या हलल्या. म्हणाले, या घरात शिंदी कोण पितं? कर्मठ माणसाला तो वास इतका नेमका कसा ओळखता आला, हे विचारायचं राहिलं.

आईने पदर हुंगला आणि पांढरी पडली. माझ्याकडे वळून म्हणाली, शाम, रात्री ही तू पांघरलीस?

खरं सांगावं, तर शिंदी नारायणरावांच्याच पोटात. ते आधी पंचगव्य घेणार, मग स्थळ मोडणार. लीनाला सगळं ठाऊक होतं. ती कपबश्या खाली ठेवून पुढे आली.

मी म्हटलं, हो. मीच पितो.

नारायणरावांनी लीनाकडे पाहिलं. मग म्हणाले, मुलगी गुणाची आहे. अशा घरात तिला फार दिवस ठेवू नये, जवळचा मुहूर्त काढा. मात्र लग्नकार्यात या गृहस्थांनी पुढे यायचं नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

नृसिंह उपदेश करून गेला. म्हणाला, हळूहळू सुटेल. ज्याला सोडा आणि साबण यांतला फरक कळत नाही, तो मला सुधारणार! आई माझं ताट वेगळं वाढते. लीना सगळं सांगून टाकते म्हणाली. मी दटावून गप्प केलं.

८ मार्च, शुक्रवार

लीनाचं लग्न लागलं. कानपिळीला भटजींनी वधूच्या भावाला हाक मारली. नृसिंह पुढे झाला. नवरदेवाचा कान इतका मिळमिळीत पिळला की त्यालाही कळलं नसेल. मांडव हसला. मी मागे, चपलांपाशी उभा होतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

निघताना लीना सगळ्यांना ओलांडून माझ्याकडे आली आणि गळ्यात पडून रडू लागली. बायका हळहळल्या, बिचारी भावाच्या व्यसनापायी रडतेय. तिच्या डोक्यावर हात ठेवणार, तेवढ्यात नृसिंह मध्ये आला आणि त्याने आधी माझं तोंड हुंगलं.