ठोकळ्यांना हात न लावता

सोमवार, ४ जुलै

सामान आलं! निवृत्त सुतारकाकांनी दोन वर्षं खपून आमच्या बालवर्गासाठी स्वतःच्या हातांनी बनवलंय. लाकडी ठोकळे दोनशे चाळीस, तराजू दोन, मण्यांच्या चौकटी सहा. काकांचे हात आता थरथरतात. म्हणाले, पोरांनी वापरून वापरून झिजवावं, एवढंच मागणं. दोन महिन्यांनी बघायला येईन, संस्थेच्या अध्यक्षांनाही घेऊन येईन.

अध्यक्ष! चार वर्षं मी प्रभारी मुख्याध्यापक आहे. पाटीवर ‘प्रभारी’ इतकं बारीक लिहून घेतलंय की ते फक्त बायकोला दिसतं. ही भेट नीट पार पडली की तेही पुसायचं.

संकल्प: उद्यापासून हँड्स-ऑन लर्निंग. मुलं हाताने करून शिकणार. या विषयावरचं पुस्तक आणलं. प्रस्तावना झाली वाचून. बाकीचं लक्षात आलं.

मंगळवार, ५ जुलै

अकरा मिनिटं. तेवढ्यात एका ठोकळ्यावर दातांचे व्रण आणि एक मणी एकाच्या नाकात. वर्गाच्या बाईंनी त्याला शिंक आणून मणी काढला. मुलं खिदळत होती, बाईही. मला हसू आलं नाही.

सामान गोळा करून कपाटात. किल्ली माझ्या खिशात. बाई म्हणाल्या, सर, हे वापरायलाच दिलंय. म्हटलं, वापरायचंच आहे, पण योग्य वेळी. योग्य वेळ कोणती ते मी ठरवीन.

गुरुवार, ७ जुलै

बाईंनी घरून पोतंभर बाटल्यांची बुचं, गोटे आणि दोऱ्याची रिकामी रिळं आणली. वर्गात पसारा.

एक मुलगी आहे, चार वर्षांची. शाळेत आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. मी तिला मौनीबाई म्हणतो, खेळीमेळीने. तिची आई रोज दुपारी फाटकाशी बाईंना विचारते, आज बोलली का? तर आज बुचं मोजताना ती ‘चार’ म्हणाली म्हणे. बाई धावत ऑफिसात आल्या, डोळ्यांत पाणी. म्हटलं, अभिनंदन, पण बूट बाहेर काढा, फरशी पुसलीय.

सोमवार, १८ जुलै

बुचं फेकली. अध्यक्षांच्या नजरेला असला कचरा पडता कामा नये. कचरागाडी नेमकी वेळेवर आली. मौनीबाई गाडीमागे फाटकापर्यंत धावली. तोंड उघडं, आवाज काही नाही. बाईंना म्हटलं, बघा, तुमच्या बुचांनी एवढंच शिकवलं.

बायकोला मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. तिने वाढता वाढता डाव खाली ठेवला. म्हणाली, आपल्याला मूल झालं नाही म्हणून मी पंधरा वर्षं रडले, आजपासून रडणार नाही. तिची समजूत पटली हे चांगलं झालं.

सोमवार, १ ऑगस्ट

आंघोळ करताना सुचलं! नाटकवाले आधी रिकाम्या हातांनीच तालीम करतात ना? मुलांनीही तसंच करावं. हवेतला ठोकळा उचलायचा, हवेतल्या ठोकळ्यावर ठेवायचा. हात शिकतात, सामान झिजत नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. जगात हे कोणाला सुचलं नसेल. पुस्तकात तरी नाही, निदान प्रस्तावनेत.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

प्रगती थक्क करणारी. एकाचा हवेतला मनोरा पडला, तो रडला. त्याला सगळे ठोकळे परत उचलायला लावले. सतरा होते. कंटाळून त्याने सोळाच उचलले, मी बरोबर पकडलं.

पाहणी करताना चुकून कोणाच्या तरी बंगल्यातून चालत गेलो. मुलं किंचाळली. म्हणजे बघा, किती एकरूप झालीत!

शिस्तीसाठी कपाटातले चार खरे ठोकळे टेबलावर ठेवतो. हात लावला की कोपऱ्यात उभं राहायचं. पहिल्या दिवशी नऊ जण कोपऱ्यात होते. आज एकही नाही. मौनीबाई सर्वांत उत्तम. ती ठोकळ्यांकडे बघतसुद्धा नाही.

बाई तालमीला उभ्या राहत नाहीत. म्हणतात, हे पाप आहे. शिक्षणात असले शब्द आणू नयेत.

सोमवार, २९ ऑगस्ट

ठोकळ्यांना व्हार्निशचा नवा हात दिला. दातांचे व्रण बुजवले. स्वतः केलं. चार रविवार गेले, कमरेचं भजं झालं, पण बोभाटा केला नाही.

मौनीबाईची आई आज थेट ऑफिसात. म्हणाली, सर, मधे एकदा बोलली होती, आता घरीही बोलेनाशी झालीय. खुर्चीच्या कडेवर बसून पदराचं टोक पिळत होती. मी स्पष्ट सांगितलं, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, विचार करा. काही न बोलता उठून गेली. घराण्यातच असावं ते.

शुक्रवार, ९ सप्टेंबर, दुपारी तीन

भेट झाली. ताबडतोब लिहून ठेवतो, पुढे भाषणात उपयोगी पडेल.

सगळं सामान टेबलांवर मांडलं होतं. चकचकीत. बावीस मुलं ओळीत. अध्यक्ष आणि काका समोर. मी टाळी वाजवली. बावीसच्या बावीस जणांनी हात पुढे केले आणि ठोकळ्यांच्या वीतभर वर, हवेत, मनोरे बांधायला लागली. एकाचंही बोट लाकडाला लागलं नाही.

अध्यक्षांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, हँड्स-ऑन लर्निंग.

काकांनी एक ठोकळा उचलून मौनीबाईच्या हातात दिला. तिने तो जागेवर ठेवला, फ्रॉकने पुसला आणि आपली आपण उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कोणी सांगावं लागलं नाही. काका बराच वेळ ठोकळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, कोपरे अजून हाताला टोचतात. मग मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि हुंदके देऊन रडले.

जाणकार माणूस. इतकी दाद मला आजवर कोणी दिली नव्हती. अध्यक्ष एक शब्द बोलले नाहीत, भारावले असावेत.

आत्ताच पाटी रंगवणाऱ्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

सोमवार, १२ सप्टेंबर

अध्यक्षांचा फोन. सामान काकांना परत करा. बाईंनी राजीनामा दिलाय, त्या काकांच्या जुन्या सुतारकामाच्या कारखान्यातच वर्ग भरवणार आहेत. म्हटलं, जरूर, कपाटाला तेवढीच हवा लागेल. बाईंच्या जाण्याने शिस्त सुधारेल.

हमाल सामान न्यायला आले. व्हार्निशला जपा असं बजावलं. हसले.

सोमवार, १९ सप्टेंबर

उपस्थिती नऊ. कमी मुलांत वैयक्तिक लक्ष देता येतं.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

उपस्थिती दोन. जुळी आहेत, म्हणजे तसं पाहिलं तर एकच कुटुंब.

गुरुवार, २९ सप्टेंबर

कोणी नाही. दहा वाजता घंटा दिली. अकरा वाजता पुन्हा दिली, ऐकू गेली नसेल म्हणून.

सोमवार, ३ ऑक्टोबर

पत्र आलं. बालवर्ग बंद, त्याबरोबर प्रभारीपदही संपलं. बायकोने वाचलं आणि परत घडी घालून माझ्या हातात दिलं. मग कणीक मळायला बसली. काहीतरी म्हणायला हवं होतं.

संकल्प: मुलांना परत आणायचं. शिक्षक नुसता प्रेमळ असून भागत नाही, हे पालकांना पटवता येईल. रस्ताभर मुद्दे घोकत कारखान्याशी गेलो. दार ओलांडण्याआधी खिडकीतून पाहणी केली.

जमिनीवर लाकडाचा भुसा, त्यात बावीस मुलं. ठोकळ्यांचं व्हार्निश खरवडून टाकलेलं. माझे चार रविवार. काका रंधा मारत होते, बाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. आणि मौनीबाई तराजूशी. एका मुलाला दटावत होती की अरे शहाण्या, तिकडे दोन टाकलेस तर इकडेही दोन टाक, नाहीतर पारडं रुसतं. एका दमात बोलत होती. थांबेचना.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. जरा घोगरा आहे. का कोण जाणे, उभा राहून ऐकावासा वाटला. मुद्दे विसरलो.

मग तिने वर पाहिलं. वाक्य अर्ध्यावर राहिलं. दोन्ही हात पाठीमागे गेले. शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि त्यानेही हात मागे घेतले. मग तिसऱ्याने. बघता बघता सगळी खोली गप्प.

मी हसून दाखवलं. काही उपयोग झाला नाही.

काकांनी रंध्यावरून मान वर न करता सांगितलं, साहेब, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय.

बाजूला झालो. दहा-बारा पावलं गेलो असेन, आत पुन्हा गलका सुरू झाला.