आठशे बाराव्या भागाबद्दल व्याहीबुवांना

आदरणीय व्याहीबुवा,

आपल्या दोघांना आम्हा दोघांचा मनापासून नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? (उजवाच ना? मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी विसरतो, पण काळजी दोन्ही गुडघ्यांची सारखीच आहे.) जिने चढू देऊ नका, आणि चढायचेच असतील तर एका बाजूला कठडा धरून चढायला सांगा. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तसं ते नाही.

फोन असताना पत्र का, असं आपल्याला वाटेल. फोनवर आपलं बोलणं सहा वर्षांत गुडघ्यापुढे सरकलेलं नाही. शिवाय आपण मुख्याध्यापक होता, आणि माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं लिफ्ट दुरुस्त करता करता माहितीपुस्तकांतून आणि रद्दीवाल्याकडच्या मासिकांतून उचललेलं. आपल्यापुढे बोलताना माझी जीभ अडखळते. कागदावर निदान खोडता येतं. चुका दिसतील तिथे लाल शाई चालवा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न सूनबाईंचा आहे. सोमवारी त्या तुमच्याकडे आल्या त्या आईच्या ऑपरेशनसाठी, असं सगळे म्हणतात. ऑपरेशन बावीस तारखेला आहे आणि आज आहे बारा. त्या माझ्यामुळे गेल्या. का, ते सांगतो, आणि त्यासाठी मला एका मालिकेच्या आठशे बाराव्या भागाचं परीक्षण लिहिणं भाग आहे.

आपण मालिका बघत नाही हे लग्नाच्या बैठकीतच आपण सांगितलं होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘ध्रुवापार’ नावाची ही मालिका दर शुक्रवारी संध्याकाळी सातला लागते. पृथ्वीवरून एक यान निघालंय, राहण्याजोगा दुसरा ग्रह शोधायला. सोळा वर्षं झाली, अजून शोधतायत. (आमच्या चिरंजीवाला दुकानासाठी भाड्याची जागा तीन आठवड्यांत मिळाली होती. पण त्याच्यावर कोणी मालिका काढली नाही.) मी ही पहिल्यापासून बघतो. सूनबाई घरात आल्या तेव्हा पहिला महिनाभर आमचं बोलणं ‘चहा देऊ का’ आणि ‘द्या’ यापलीकडे नव्हतं. मग एका शुक्रवारी मी टीव्हीसमोर बसून, यानाचा दरवाजा असा उघडत नसतो, त्याला आधी कुलूप सुटावं लागतं, असं पुटपुटत होतो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, “आणि रक्त काढताना सुई अशी धरत नाहीत, बाबा.” त्या लॅबमध्ये काम करतात हे मला माहीत होतं, पण कळलं ते तेव्हा. त्या दिवसापासून वाटणी झाली: यंत्रं माझ्याकडे, रुग्ण त्यांच्याकडे. शुक्रवारी त्यांची पाळी लॅबवर असते, म्हणून भाग रेकॉर्ड करून ठेवायचा आणि रविवारी संध्याकाळी दोघांनी मिळून बघायचा, एकट्याने बघायचा नाही, असा नियम झाला. हा नियम मी तापातसुद्धा पाळला. चिरंजीव यात नसतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो लोकांना बघायला मदत करतो, स्वतः काही बघत नाही.

आता गुन्हा. कालच्या आधीच्या शुक्रवारी जिन्यात मला वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले. (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण बातमी घरपोच देण्याची खोड गेलेली नाही.) म्हणाले, “आज तुमची लिफ्ट आहे बरं का. अख्खा भाग लिफ्टमध्ये. आणि पडते म्हणे.” व्याहीबुवा, मी अडतीस वर्षं लिफ्टचं काम केलं. सोळा वर्षं त्या यानात लोक लिफ्टने वरखाली करतायत आणि एकदाही तिच्या देखभालीचा माणूस दाखवलेला नाही. तुम्हीच सांगा, तुमच्या शाळेवर अख्खा भाग निघाला असता तर तुम्ही रविवारपर्यंत थांबला असता? (थांबला असता. तुमचं वेगळं आहे.) सातला पाच कमी असताना मी टीव्ही लावला. ही विणत बसली होती, तिने फक्त चष्म्यावरून बघितलं.

आणि काय बघितलं म्हणून सांगू. कप्तान आणि शत्रूचा सेनापती लिफ्टमध्ये अडकतात. दोर तुटतो. लिफ्ट पडते. माझा पहिला प्रश्न, अंतराळात ती पडते ती कुठे? दुसरा, दोर एक कसा? साध्या चार मजली इमारतीला तीन-चार असतात. तिसरा, सगळे तुटले तरी लिफ्टखाली जबडे असतात, वेग वाढला की ते रुळाला घट्ट धरतात आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. हे जबडे मी माझ्या हाताने शेकडो बसवले आहेत. दूरदूरच्या ताऱ्यांवर जाणाऱ्या माणसांना तेवढे जबडे जमले नाहीत? मग कप्तान छताची झडप आतून उघडून वर चढतो. ती झडप बाहेरून उघडते, व्याहीबुवा. आतून उघडत नाही, ती तशी मुद्दाम केलेली असते, नाहीतर प्रत्येक अडकलेला माणूस कप्तान झाला असता. पण हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. शेवटी ते दोघे चाळीस मिनिटांत एकमेकांना लहानपण सांगतात, रडतात आणि गळ्यात गळा घालून बाहेर येतात. अडतीस वर्षांत मी अडकलेली माणसं किती बाहेर काढली त्याची गणती नाही. एकही जोडी समेट करून बाहेर आली नाही. अडकलेला माणूस एकच बटण पुन्हा पुन्हा दाबतो, शेजारच्याला वेळ विचारतो, आणि दार उघडलं की शेजाऱ्याकडे न बघता जिन्याने जातो. एक नवरा-बायको तर आत बसून भांडणाचे नवीन मुद्दे काढून बाहेर आले होते. या सगळ्यावर मी त्या संध्याकाळी टीव्हीशी इतका भांडलो की घसा बसला. हिने विणकाम उचललं आणि आत जाऊन बसली.

भाग चांगला असता तर म्हणालो असतो, पाप केलं पण काही हाती तरी लागलं. हे म्हणजे व्रत मोडावं आणि तेही शिळ्या पावासाठी.

रविवार आला. भाग पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचं होतं, म्हणून आरशासमोर दोनदा भुवया उंचावून बघितल्या. संध्याकाळी सूनबाईंनी चहा आणला, भाग लावला. कप्तान लिफ्टमध्ये शिरला. दोर तुटला. लिफ्ट पडायला लागली. आणि मी, व्याहीबुवा, शांतपणे बशीत चहा ओतला. शुक्रवारीच सगळा राग खर्च झाला होता, रविवारसाठी चमचाभरही उरला नव्हता. भुवयांचं तर आठवलंसुद्धा नाही. सूनबाईंनी भाग थांबवला. लिफ्ट तशीच अधांतरी. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाबा, लिफ्ट पडतेय आणि तुम्ही चहा पिताय?”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, म्हणाल्या, “बघा तुम्ही, मला कपडे आवरायचेत,” आणि आत गेल्या. सकाळी बॅग घेऊन निघाल्या. वाकून नमस्कार केला, तो नेहमीसारखाच केला, पण चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ही म्हणते, “सुनेला एवढं डोळ्यांत तेल घालून जपलंत आणि घालवलीत ती एका लिफ्टपायी.” हिला हसू येतं यावर. मला येत नाही.

काल शुक्रवार होता. आठशे तेरावा भाग लागला. तो मी बघितला नाही. पोस्टमास्तर आवाज मोठा ठेवतात आणि छत पातळ आहे, म्हणून पावणेसातला खाली जाऊन इमारतीच्या दारातल्या पायरीवर बसलो, आठ वाजेपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, किल्ली हरवली का. हो म्हणालो. भाग रेकॉर्ड झाला आहे आणि तसाच आहे. घरात टीव्हीखालच्या रेकॉर्डिंगच्या डब्याचा लाल दिवा दिसला तरी मला अपराध्यासारखं होतं. जेवणात चव नाही. चिरंजीव म्हणतो, बाबा, ती आईसाठी गेलीय. तो चांगला मुलगा आहे, त्याला काही कळत नाही.

आपण शिक्षक आहात, कितीतरी मुलांना कॉपी करताना पकडलं असेल. पकडलेलं मूल परत वर्गात कसं बसवतात, ते मला कळवा. विहीणबाईंना जपा. गुडघ्याला शेक दिलात तर रुमाल मध्ये ठेवून द्या.

आपला,
सूनबाईंचा सासरा

ता. क. – पत्र आपल्या नावाने आहे, पण वाचून झाल्यावर ते चुकून जेवणाच्या टेबलावर उघडं राहिलं तर माझी हरकत नाही. दुसरं पान वरच्या बाजूला असावं. गुडघ्याची चौकशी मात्र खरी आहे.

ता. क. २ – पत्र हिने वाचलं. ही म्हणते, ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस तपासण्या असतात, त्यासाठी सोमवारीच निघायचंय, हे सूनबाईंनी रविवारी दुपारी जेवताना सांगितलं होतं, मलाच सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. हलवली असेल. मी तेव्हा संध्याकाळच्या भुवयांच्या काळजीत होतो. तरी पत्र टाकतोच आहे, कारण नमस्कार केला तेव्हा त्या गप्प होत्या हे खरं आहे.

ता. क. ३ – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ताच सूनबाईंचा फोन आला. आधी हिच्याशी बोलल्या, मग मला विचारलं, “बाबा, कालचा भाग बघितला नाही ना?” मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “बरं. मी आले की बघू.” एवढ्यात मागून आपला आवाज आला, अगदी स्वच्छ, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा: “कप्तानाचा भाऊ मेला होता ना, मग तो काल परत कसा आला, ते विचार त्यांना.”

मी काही ऐकलं नाही, व्याहीबुवा. फोनमध्ये खरखर आहे असं त्यांना सांगितलं. आपल्या शंकेचं उत्तर मोठं आहे, ते समोरासमोर देईन. गुडघा बरा झाला की दोघेही या. सूनबाईंना मात्र एवढा निरोप द्या, आपल्याला जमेल तसा. आम्ही दोघं रविवारी भाग बघायला बसलो आणि तो भाऊ पडद्यावर दिसला, की त्यांनी जरा दचकावं. मी त्यांच्याकडे बघणार नाही.