शून्याची तिकिटं

९ मार्च, सोमवार

प्रिय बारके,

तुला आशीर्वाद, आणि माझ्या भाचीला एक पापा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. एकाच शहरात राहून बहीण बहिणीला पत्र लिहिते आहे, म्हणजे आपली कमालच म्हणायची.

आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरते, चढताना मात्र कठड्याला शिव्या घालते. तुझी रोज आठवण काढते. तिला मी सांगितलंय की तुझी ड्युटी बदलली, लांबचा मार्ग मिळालाय, म्हणून येणं होत नाही. तिच्याशी बोललीस तर तूही हेच सांग.

डेपोत नवीन काही नाही. माझ्या केबिनच्या खिडकीची काच अजून अडकते, त्यामुळे ड्रायव्हर लोकांना माझ्याशी वाकून बोलावं लागतं, आणि त्यांना वाटतं मी मुद्दामच दुरुस्त करून घेत नाही. तुझ्या गाडीचा मिशीवाला ड्रायव्हर तुझी चौकशी करत होता. त्याला जो नवा कंडक्टर दिलाय तो पहिल्या स्टॉपची तिकिटं तिसऱ्या स्टॉपला संपवतो. मिशीवाला म्हणतो, याला घेऊन जाण्यापेक्षा गाडी ढकलत नेलेली परवडली.

आता कामाचं. तुझी चौकशी चोवीस तारखेला आहे, मुख्य कार्यालयात, अकरा वाजता. शांतपणे वाच. तुझ्या मशीनमध्ये दुपारी एक चौदाला, दोन मिनिटांत, अडतीस शून्याची तिकिटं निघालेली दिसतात. गाडी तेव्हा शेवटच्या स्टॉपवर रिकामी उभी होती. तपासणीवाले म्हणतात की सरकार अशा प्रत्येक फुकट तिकिटामागे आपल्याला अनुदान देतं, त्यामुळे ही सरकारची फसवणूक आहे. शब्द मोठा आहे, पण घाबरू नकोस. मशीनमध्ये जे आहे ते नाकारता येणार नाही, म्हणून वाद घालू नकोस. लिहून दे की बायकांना आणि वयस्कर माणसांना प्रवास फुकट झाल्यापासून गर्दीत तिकीट द्यायचं राहून जातं, ते भरून काढताना गोंधळात बटण जास्त वेळा दाबलं गेलं. एक वेतनवाढ जाईल, नोकरी राहील.

कुणाचं नाव मध्ये आणू नकोस. नावं आली की प्रकरण वाढतं, आणि मग ते कुणाच्याच हातात राहत नाही.

जेवण वेळेवर घेत जा. भाचीच्या परीक्षेचं काय झालं ते कळव.

तुझ्या भल्याचंच सांगणारी,
ताई


१९ मार्च, गुरुवार

बारके,

खुशालीचं नंतर लिहिते. आईला कळलं.

काल भाचीने आजीला फोन केला आणि सहज म्हणाली, "आई दीड महिन्यापासून घरीच असते." आपली आई भाजी निवडत होती. तिने फोन ठेवला, ताट बाजूला सारलं आणि मला समोर बसवलं. मी सगळं सांगितलं. म्हणजे सगळं असं मला वाटलं. तपासणी, मशीन, अडतीस तिकिटं, तुझं निलंबन. मग ती म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून ती पोहायला शिकली. तू सांगितलंस म्हणून तिने त्या मुलाला नकार दिला. तू सांगितलंस म्हणून बसमध्ये नोकरीला लागली. मग हे तिला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, भाजी राहिली ना तशीच. ती म्हणाली, राहू दे.

हे कसं घडलं ते तुला ठाऊकच आहे, तरी मला ते एकदा लिहून काढायचंय. मी बोलताना गोष्ट फिरवते, असं तूच म्हणतेस. कागदावर फिरवायला गेले की मला ते दिसतं.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं होतं की ज्या फेरीत शून्याची तिकिटं कमी, तिचं अनुदान कमी, आणि अनुदान नाही ती फेरी बंद. बंद होणाऱ्यांत पहिलं नाव तुझ्या पहाटेच्या पाच दहाच्या गाडीचं. दवाखान्यांत झाडूपोछा करणाऱ्या बायकांनी दारापर्यंत भरलेली गाडी, आणि कागदावर जवळपास रिकामी. प्रवास फुकट आहे तर त्या तिकीट मागणार कशाला, आणि तू त्या गर्दीतून मागच्या दारापर्यंत पोहोचणार कशी? आगारसाहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "गाडी भरलेली असते ना? मग मशीनमध्येही भरलेली दिसू द्या. तुम्ही कंडक्टरांना सांगा, तुमचं ऐकतात." मला ते पटलं. खरंच पटलं. त्या बायका गाडीत होत्याच.

मी एकूण सहा जणांना सांगितलं. पण पहिल्यांदा तुला सांगितलं. का, ते मी स्वतःलाही आजवर सांगितलं नव्हतं. तू नाही म्हणणार नाहीस याची मला खात्री होती, आणि नियंत्रकाच्या सख्ख्या बहिणीने केलं म्हटल्यावर बाकीचे कुरकुर करणार नव्हते.

तू विचारलं होतंस, "ताई, लेखी आहे का?"

मी म्हटलं होतं, "मी सांगते आहे ना."

मग उन्हाळ्यात साहेबांनी दुपारच्या फेऱ्यांची यादी दिली. त्या खरोखरच रिकाम्या असतात. तू माझ्या खिडकीशी वाकून म्हणालीस, "ताई, सकाळच्या बायका तरी खऱ्या आहेत. दुपारी मी कुणाची तिकिटं मारू? सीटची?" मी हसले. मागे रांग होती. मी म्हटलं, पुढे चल, गाडी सुटायची वेळ झाली.

आणि तपासणीवाले आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, असा काही आदेश होता का? मी म्हटलं, माझ्या माहितीत नाही, कंडक्टरने स्वतःच्या मनाने केलं असेल. तू दाराशी उभी होतीस. तुला ऐकू गेलं, मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू मला ताई म्हणून हाक मारली नाहीस.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. तुझे भावोजी दोन वर्षं घरी बसून आहेत. ही कारणं मी तुला देत नाही. स्वतःला देत होते, ती तुला दाखवते आहे.

मंगळवारी मलाही साक्षीला बोलावलंय. तिथे जाऊन मी खरं सांगेन असं आज तुला लिहून देता येत नाही. काल अंघोळ करताना मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज फुटला नाही. एवढं मात्र सांगते, माझं आधीचं पत्र फाडून टाक. त्यात सांगितलंय तसं काहीही लिहून देऊ नकोस.

ताई


२७ मार्च, शुक्रवार

प्रिय बारके,

मंगळवारी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. तू खोलीच्या त्या टोकाला होतीस, मी या टोकाला. माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही.

आगारसाहेब सकाळी मला व्हरांड्यात भेटले होते. फार गोड बोलले. म्हणाले, "तुमच्या बहिणीने सगळं स्वतःवर घेतलंय. समजूतदार बाई आहे. आता तुम्ही दोन वाक्यं बोला आणि मोकळ्या व्हा." म्हणजे दुसरं पत्र तुला उशिरा मिळालं, किंवा मिळूनही तू ऐकलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा ऐकायचं नाही ठरवलंस आणि नेमकं तेव्हा.

खोलीत ते लांब टेबल, कडेचा सनमायका उखडलेला. मी आत आल्यापासून तो नखाने खरवडत होते. चौकशी अधिकारी बाईंनी मला तेच विचारलं, असा काही तोंडी आदेश होता का?

मी म्हटलं, होता. मीच दिला.

टेबलापलीकडे बसलेल्या आगारसाहेबांचं पेन थांबलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि तुझा कागद पुढे ओढला. मग वाचून दाखवला. "गोंधळात बटण जास्त वेळा दाबलं गेलं. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं." पहिलं वाक्य माझं होतं गं, शब्दाला शब्द. दुसरं तुझं. मी नुसतं नाव घेऊ नकोस म्हटलं होतं, तू माझ्यासाठी त्याच्याही पुढे गेलीस.

बाई म्हणाल्या, "तुमची बहीण लिहून देते की कुणी सांगितलं नाही. तुम्ही म्हणता, मी सांगितलं. दोघींपैकी खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "ती."

तेव्हा तू मान वर केलीस. दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस.

मग मी थांबलेच नाही. बंद दार, दुपारच्या फेऱ्यांची यादी, तुझा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. बाकी पाच जणांची नावं विचारली, ती मी दिली नाहीत. म्हटलं, मशीनं तुमच्याकडेच आहेत. साहेब शांतपणे म्हणाले की मी एवढंच बोललो होतो, एकही प्रवासी तिकिटाविना राहू नये. हे वाक्यही ते खरंच बोलले होते. ते कधी खोटं बोलत नाहीत, तेवढं काम आमच्याकडून करून घेतात.

बाईंनी तुला विचारलं, आता तुमचं काय म्हणणं आहे? लिहून घेणाऱ्याने वहीची पानं सारखी केली. आणि मग तू म्हणालीस, "पाच दहाची गाडी बंद करू नका."

"विचारलंय ते सांगा."

"तेच सांगते आहे. त्या गाडीत मारलेलं एकही तिकीट खोटं नव्हतं. निम्म्या बायकांपर्यंत माझा हातच पोहोचत नव्हता. दुपारची मारली ती खोटी होती. ताईने सांगितलं म्हणून मारली. खोटी आहेत हे मला कळत होतं, तरी मारली. तेवढा दोष माझा."

मी आयुष्यभर तुला वाक्यं पढवत आले. यातलं एकही मी पढवलेलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. बुधवारी मला पत्र मिळालं. मी निलंबित, निवृत्तीचं सगळं अडकलं. केबिनची किल्ली देताना दोन कंडक्टर समोरून मान फिरवून गेले. एकजण मात्र परत आला आणि म्हणाला, "सांगायचंच होतं तर बहीण अडकायच्या आधी सांगायचं."

काल पहाटे चौकशीवाल्या बाई पाच दहाच्या गाडीत चढल्या, कुणाला न कळवता. मिशीवाल्याने सांगितलं. त्यांना बसायला जागा मिळाली नाही. तीन स्टॉपपर्यंत त्या वहीत माणसं मोजत होत्या, मग वही पिशवीत टाकली, कारण दांडा सोडायची सोय राहिली नव्हती. एका बाईने त्यांना कोपराने सरकवलं आणि म्हणाली, "नवीन दिसता. पाय असे रोवून उभ्या राहा." अनुदानाचं काय ठरेल ते माहीत नाही. पण महिनाअखेर बंद होणाऱ्या फेऱ्यांची यादी आज फळ्यावर लागली, तीत पाच दहा नाही. तुझा निकाल बाकी आहे. मिशीवाला म्हणतो, वेतनवाढीवर भागेल. तो काय साहेब नाही, पण तुला कळवावंसं वाटलं.

मंगळवारी चौकशीनंतर आपण एकाच बसमध्ये चढलो. तू पुढे बसलीस, मी मागे. कंडक्टर पोरगी नवीन होती, तिने दोघींना वेगवेगळी तिकिटं दिली. मी उठून तुझ्या शेजारी येऊ का, असा विचार पाच स्टॉप करत होते. तुझा स्टॉप आला, तू उतरलीस आणि खालून एकदा काचेतून बघितलंस. मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही, आणि या वेळी मी तो माझ्या सोयीचा लावणार नाही.

रविवारी आईला घेऊन येते आहे. तुझे तीन मजले ती चढणार म्हणते, मी नको म्हटलं तरी. तिच्यासाठी दार उघड. मी जिन्यात थांबेन. तू बोलावलंस तरच आत येईन, नाही तर आईचं झालं की तिला घेऊन खाली उतरेन, आणि त्याचा मला राग येणार नाही.

तू म्हणशील तर तुझी,
ताई