मधले सगळे नदीत गेले

आपा, आज संध्याकाळी देवळाच्या मंडपात उभं राहून मला एकच वाक्य बोलायचं आहे. वाक्य सोपं आहे : ही मूर्ती आपोआप झाली नाही, मी घडवली. त्यात खोटं काहीच नाही. तुमच्यामागे गणपतीची चित्रशाळा मीच चालवतो, तुमच्याच ओसरीवर, तुमच्याच कोरण्यांनी. पण ते वाक्य बोललो तर माझी सून बाळाला घेऊन पेडण्याला माहेरी जाईल. तिने धमकी दिली नाही. आज सकाळी चहा पुढे ठेवत म्हणाली, "तुम्ही खुशाल बोला, बाबा. फक्त उद्या मला बसमध्ये बसवून द्या. बाळाचं ऑपरेशन होईपर्यंत मी आईकडे राहते." धमकी असती तर मी ओरडलो तरी असतो.

तुम्ही गेलात तेव्हा गोवा दिल्लीच्या हाताखाली होता. आता राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आणि मी तुम्हाला मराठीतच लिहितोय, कारण तिसरीपर्यंत मास्तरांनी तेवढंच हाती दिलं. घरी तुम्हाला 'तू' म्हणायचो, कागदावर 'तुम्ही' होतं. तुमचा नातू पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवतो. त्याची बायको हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवते. त्यांचं बाळ चार महिन्यांचं आहे आणि त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला आहे. दूध चमच्याने पाजावं लागतं.

श्रावणात दर रविवारी म्हापशाचे एक निवृत्त इंजिनियर देवळात व्याख्यान देतात. माणूस सज्जन, आवाज चढवत नाही. गेल्या रविवारी ते म्हणाले, माणूस हळूहळू बदलत माकडासारख्या प्राण्यापासून झाला, हे आता शास्त्रातच डळमळलंय. त्यांनी एका जंतूचं मोठं चित्र दाखवलं. त्याला शेपटी, आणि शेपटीच्या मुळाशी होडीला लावतात तसं गरगर फिरणारं मशीन. एक भाग काढला की सगळं बंद. मग हे तुकड्यातुकड्याने कसं झालं असेल? कुणीतरी बुद्धीने बसवलंय. आणि हळूहळू बदलले म्हणता, तर मधले कुठे आहेत? दाखवा मधले! लोकांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या, आपा. मला पटलं होतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने सून उठली, बाळ खांद्यावर.

"सर, शास्त्रज्ञांचा वाद कसं झालं यावर आहे, झालं की नाही यावर नाही," ती म्हणाली. "त्या शेपटीचे काही भाग दुसऱ्या जंतूंत दुसऱ्याच कामाला लागलेले सापडलेत. पण ते राहू दे. शेपटी कुणीतरी बुद्धीने बसवली, तर माझ्या मुलाचा ओठ कुणी बसवला?"

"त्यामागेही काही हेतू असेल, बाई," इंजिनियर हळूच म्हणाले. "मग तो हेतू त्याला तुम्हीच समजावा," म्हणाली, आणि चपला शोधत पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष चित्रशाळेत आले. "तुझ्या सुनेनं पाहुण्याला भर मंडपात गप्प केलं रे. आता रविवारी तूच ये, एक मूर्ती घेऊन. मूर्ती आपोआप होत नाही, मग माणूस कसा होईल, हे लोकांना तुझ्या तोंडून ऐकू दे." मी म्हटलं, मला भाषण जमत नाही. "भाषण कोण मागतो? एक वाक्य. चवथीच्या आदल्या दिवशी रंग सुकला नाही म्हणून सांगताना बरी जीभ चालते तुझी!" मी हसलो आणि येतो म्हणालो. ज्यांच्या घरचे पाट मूर्ती बसवायला माझ्याकडे आलेले असतात, तीच माणसं समितीवर आहेत. मग घरात गेलो आणि सुनेला म्हणालो, मी काही जात नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवला. माझं खरं कुठलं, हे तिला माझ्याआधी कळतं.

तुमची ओसरी आठवते. मी दहा-अकरा वर्षांचा आहे, तुम्ही माझा अंगठा धरून ओल्या मातीतल्या फटीवर फिरवताय. "ओली आहे तोवर बुजव. सुकल्यावर हात लावू नको." मी विसरलो. एका मूर्तीच्या कानाला तडा गेला होता, तो मी सुकल्यावर खळीने भरला, वर रंग दिला. तुम्ही नुसतं नख टेकवलंत. "हा कुणाच्या पाटावर बसवणार होतास?" आणि अख्खी मूर्ती पाण्याच्या डोणीत ठेवलीत. चुकलेली मूर्ती कुणाच्या घरी जात नाही, म्हणालात. कान आधी विरघळला. मी जेवलो नाही, तुम्हीही जेवला नाहीत.

परवा माळ्यावरून तुम्ही हौसेने काढून ठेवलेला तुमच्या गणपतीच्या मुखाचा साचा खाली घेतला. मी साचा वापरत नाही, मागच्या वर्षीचं मुख डोळ्यासमोर ठेवून हाताने करतो. साच्यात माती दाबून मुख बाहेर काढलं आणि माझ्या मूर्तीशेजारी ठेवलं. कपाळ अरुंद, डोळे लांबट, गाल बसके. माझ्या गणपतीशी त्याचं लांबचं नातं. मी तर दर साली गेल्या सालासारखाच करत आलो, बदलायचं कधी ठरवलं नाही. मग बदलला कधी? मधले कुठे आहेत? मधले सगळे नदीत गेले, दर चवथीला, लोकांच्या डोक्यावरून. सुनेला सांगितलं तर या आठवड्यात पहिल्यांदा हसली. "बाबा, हेच तिथे बोला!" पण इंजिनियर विचारतील, हात तर तुमचाच होता ना? होता. त्यावरचं उत्तर तिच्याकडे असेल.

तिने एकदा स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, मला समजावलं होतं. पोटात असताना चेहरा दोन्ही बाजूंनी येतो आणि मधे जुळतो. मासा, कोंबडी, माणूस, सगळ्यांची सुरुवात बरीचशी अशीच, कारण सगळ्यांचं मूळ एक. "नाकाखाली बोट लावा. ती खाच लागते ना? तिथेच जुळलाय तुम्ही. आपल्या बाळाचं थोडं जुळायचं राहिलं. कुणी चुकलं नाही, बाबा. मीसुद्धा नाही." शेवटचं वाक्य ती विळीकडे बघून म्हणाली. शेजारणी तिला ग्रहणात काय केलंस म्हणून विचारून गेल्या होत्या.

इथे लिहायचं थांबलो, कारण अध्यक्षांची जीप आली. ती आत्ताच गेली. बाळ माझ्या मांडीवर होतं.

"चल, मूर्ती घे," अध्यक्ष म्हणाले.

"मूर्ती कशी नेऊ? पाट त्या घरचा, मूर्ती त्या घरची. चवथीआधी दुसरीकडे जात नाही."

"मग माझ्या घरची घे की!"

"तुमच्या देवाचे डोळे आखायचे राहिलेत. आंधळा नेऊ मंडपात?" डोळे काल आखून झालेत, वर पंचा होता म्हणून निभावलं.

"मग रिकाम्या हाताने ये."

"हे आत्ताच झोपलंय. उठलं तर आवरत नाही."

जीपमधून आलेले इंजिनियर पायरीशी उभे होते. त्यांनी बाळाकडे बघितलं, चष्मा पुसला. "राहू दे त्यांना," म्हणाले. "ऑपरेशन कधी आहे?" मी सांगितलं, पुढच्या महिन्यात, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. अध्यक्ष मात्र जीपमध्ये बसता बसता बोललेच, "तुझ्या घरात सूनच सासरा झाली! पुढच्या वर्षी पाट कुठे द्यायचा ते बघू."

सून दारामागे होती. बाहेर आली, बाळाला घेतलं, आणि उद्याच्या बसचं काही बोलली नाही.

अध्यक्षांना वाटतं मी सुनेला भ्यालो. तिला वाटतं, तिचं शास्त्र मला पटलं. मी तिला भितो आणि तिचं निम्मं शास्त्र मला कळतही नाही. देव मला हवा आहे, आपा, आज सकाळीही फूल वाहिलं. पण घडवणारा म्हटलं की मला तुम्ही दिसता, आणि चुकला म्हणून डोणीत विरघळणारा तो कान. बाळ झालं त्या दिवशी नर्सने ते माझ्या हातात दिलं आणि माझा अंगठा सरळ त्याच्या ओठावर गेला, फट बुजवायला. ओली आहे तोवर. ऊब लागली तेव्हा हात काढला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.