सरपंचबाईंचा तर्कशुद्ध नवरा

३ डिसेंबर
सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं. गावात सगळ्यात लायक उमेदवार मीच, हे सगळ्यांना ठाऊक; पण नियम म्हणजे नियम. रतिलालने माझ्या बायकोचं, मोहिनीचं नाव सुचवलं. रतिलाल लहानपणापासूनचा दोस्त, आमच्या केळीचा बांधही एकच. मोहिनी लगेच हो म्हणाली. मला विचारायला हवं होतं, पण तत्त्वतः हरकत नाही. उभी ती राहील, डोकं माझं.
मोबाइलवर लेक्चरं सापडली: वाद घालताना माणसं काय काय चुका करतात. रोज एक चूक शिकायची. संकल्प.

५ डिसेंबर, सकाळी
आजची चूक: मुद्दा सोडून माणसावर घसरणे. टपरीवर भिला म्हणाला, बाई नावाला, कारभार नवरा योगेंद्रच करणार. त्याला शांतपणे समजावलं की मुद्द्यावर बोल, माणसावर घसरू नको, आणि तुझ्यासारख्या गाढवाला हे कळायचं नाही. भिला चहा अर्धा टाकून उठला. मुद्दा पोचला.
भिलाचं कुटुंब फार मोठं आहे, असं रतिलाल परतताना म्हणाला. कशावरून काढलं, कळलं नाही.

९ डिसेंबर
मोहिनीचं म्हणणं, नदीकडच्या पाड्यावर आधी नळ देऊ असं लोकांना सांगायचं. मी धोका दाखवला: आज नळ मागतील, उद्या रस्ता, परवा दिवे, मग आपल्या केळीचं पाणी तिकडे, आणि शेवटी आपण सगळे सुरतेला मजुरीला. रतिलालने विचारलं, या चुकीला काय म्हणतात. म्हटलं, ते लेक्चर अजून यायचंय.

१३ डिसेंबर
पाड्यावर प्रचार. एकटाच गेलो, मोहिनीला मुद्देसूद बोलता येत नाही. रेवाबाई हंडा घेऊन उभी. विचारते, पानी कवय येई? म्हटलं, बाई, ‘कधी येईल’ या तुमच्या प्रश्नातच गृहीतक लपलंय. पाणी येणार आहे, हे आधी सिद्ध करा. सगळ्या बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. प्रभाव पडतोय.
निघताना रेवाबाई म्हणाली, “दादा, भाभीले धाडी दे.” साधी माणसं.

१६ डिसेंबर
रतिलाल घरी येऊन चिडला. “तू तोंड उघाडस नि एक घर जास!” म्हटलं, माझ्यामुळे मतं जातात, याला पुरावा? एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. आजचंच लेक्चर. तो चपला घालून निघून गेला. वाद मी जिंकलो.

१८ डिसेंबर
रतिलाल शेतात दिसला. मला बघून वळला. काही फरक पडत नाही.
केळीला टेकू लावायला दोघं लागतात. एकट्याने लावला. पडला. वारा होता.
मोहिनी रोज पाड्यावर जाते. काय बोलतेस, विचारलं. म्हणाली, बोलत नाही, ऐकते. अशाने निवडणूक जिंकतात का?

२० डिसेंबर
मोहिनीने मला नंदुरबारला पाठवलं. तिचा भाऊ गोपाल मिरचीचा व्यापार करतो. ऐन हंगामात त्याला शिकलेला माणूस हवाय म्हणे. गोपालने मला बघून विचारलं, घरात काही झालं का? मतदानालाच परत या, असा मोहिनीचा निरोप. काहीतरी स्ट्रॅटेजी असणार.
शिंका थांबत नाहीत. शिंका आवरून भाषणं रेकॉर्ड करतो, गावाच्या ग्रुपवर टाकतो.

२२ डिसेंबर
ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतो. अ‍ॅडमिन रतिलाल. लोकशाही धोक्यात.

२९ डिसेंबर
मोहिनी निवडून आली! पाड्याने एकगठ्ठा मतं दिली. मी पाड्यावर बोललो, त्यानंतर मतं पडली. म्हणजे माझ्या बोलण्यामुळेच पडली. ते लेक्चर इथे लागू होत नाही.
गुलालात रतिलाल समोर आला. दोघंही थांबलो. आधी मी बोलायला हवं होतं बहुतेक. मुद्दा तयार नव्हता.

१२ जानेवारी
ग्रामपंचायतीची पहिली मासिक सभा. सरपंचांशेजारी खुर्ची ओढून बसलो, मार्गदर्शन लागणार. पहिलाच विषय पाड्याचा नळ. मी हात वर केला. मोहिनी शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाली, “सभेत फक्त सदस्य बसतात. तुम्ही सदस्य नाही. तुम्ही बाहेर बसा.”
उभ्या उभ्या तपासलं. पहिलं विधान खरं. दुसरं खरं. निष्कर्ष त्यातूनच निघतो. हरकत घ्यायला जागाच नव्हती.
बाहेर कट्ट्यावर रतिलाल बसला होता. त्याने थोडं सरकून जागा केली.